यूटीव्हीमध्ये केबिन हीटर कसा बसवायचा? कूलंट, वायरिंग आणि कार्बन मोनॉक्साइडची सविस्तर माहिती

गाडीतला हीटर ही गोष्ट पुण्या-मुंबईत आपण कधी मनावर घेत नाही. एसीचा नॉब चुकून लाल पट्टीकडे गेला की लगेच निळ्याकडे आणतो, एवढाच आपला आणि हीटरचा संबंध. मी अमेरिकेत मिनेसोटाला राहायला आल्यावर मात्र हे चित्र बदललं. इथे जानेवारीत पारा उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत साधारण ४०० मीटरचा खासगी कच्चा रस्ता आहे आणि त्यावरचा बर्फ आम्हालाच काढावा लागतो. त्यासाठी मी एक जुनी यूटीव्ही घेतली आणि पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलं. गाडीला हीटर नव्हता. तो मी स्वतः बसवला.

या लेखात हीटर कसा काम करतो, कोणता घ्यावा, कसा बसवावा आणि बसवल्यावर काय तपासावं हे सगळं सांगतो. बसवताना मी दोन मोठ्या चुका केल्या. दुसरी चूक अशी होती की ती माझ्या मुलीच्या आणि माझ्या जिवावर आली असती. त्यामुळे तो भाग गाळून वाचू नका.

यूटीव्ही म्हणजे नेमकं काय?

यूटीव्ही म्हणजे युटिलिटी टास्क व्हेईकल. हिला साइड-बाय-साइड असंही म्हणतात, कारण ड्रायव्हर आणि सोबती शेजारी शेजारी बसतात. एटीव्हीवर आपण मोटरसायकलसारखं पाय टाकून बसतो आणि हँडल धरतो. यूटीव्हीला मात्र स्टिअरिंग, सीटबेल्ट, वर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि मागे सामान टाकायला छोटा हौदा असतो. कावासाकीची म्यूल, पोलॅरिसची रेंजर, जॉन डिअरची गेटर ही यातली गाजलेली नावं. शेत, जंगल, खाण, रिसॉर्ट अशा ठिकाणी ही गाडी राबते.

मुळात ही उघडी गाडी. थंड प्रदेशात लोक तिला पुढची काच, छप्पर, मागची काच आणि दरवाजे वेगळे घेऊन लावतात. अशी सगळी बंदिस्त झाली की तिला केबिन म्हणता येतं. काही मॉडेल कंपनीतूनच बंद केबिन आणि हीटरसह येतात. माझी तशी नव्हती.

हीटरची खरी गरज कशासाठी?

तुम्ही म्हणाल, जाड जॅकेट घाला, झालं! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण खरी अडचण थंडीपेक्षा काचेची असते.

बंद केबिनमध्ये आपला श्वास आणि बुटांवरचा वितळलेला बर्फ यांची वाफ साठते. हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरून ठेवते. साधारण दर १० अंशांना ही क्षमता जवळपास दुप्पट होते. ही दमट हवा थंडगार काचेला लागली की लगेच निवते आणि पाणी सुटतं. बाहेर उणे २० असेल तर ते पाणी काचेवर आतून गोठतं. म्हणजे वायपर बाहेर फिरतोय आणि बर्फ आतल्या बाजूला!

पहिल्या हिवाळ्यात मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडत होतो. एका सकाळी समोरचा पत्रपेटीचा खांब मला दिसलाच नाही. पात्याने तो आडवा केला. त्या जागी रोज मुलगी शाळेच्या बसची वाट बघत उभी राहते. त्याच आठवड्यात मी हीटरची शोधाशोध सुरू केली.

हीटरचे तीन प्रकार

१) प्लगवर चालणारा १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक हीटर

हा सगळ्यात स्वस्त. चार्जिंग सॉकेटमध्ये लावला की सुरू. पण थोडं गणित करा. पॉवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. असे हीटर साधारण १५० वॉटचे असतात, म्हणजे साडेबारा अँपिअर करंट. १५० वॉटची उष्णता म्हणजे जुन्या काळचे दीड शंभराचे बल्ब. हात शेकायला ठीक आहे, केबिन तापणार नाही. मोठा घेऊ म्हटलं तर गाडीचा सॉकेट, फ्यूज आणि वायर ते झेपवत नाहीत.

२) कूलंटवर चालणारा हीटर

इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात कूलंट फिरत असतं. ते इंजिनची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं आणि बाहेरच्या हवेत टाकून देतं. हा हीटर त्यातलं थोडं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरकडे वळवतो. त्याला हीटर कोअर म्हणतात. मागून पंखा हवा मारतो आणि गरम हवा आत येते. तुमच्या घरच्या कारमध्येही हाच प्रकार असतो.

अशा किटवर साधारण २०,००० बीटीयू असा आकडा दिसतो. १ किलोवॉट म्हणजे तासाला सुमारे ३,४१२ बीटीयू, म्हणजे २०,००० बीटीयू म्हणजे जवळपास ६ किलोवॉट. बाथरूममधले २ किलोवॉटचे तीन गीझर एकदम चालू केल्यासारखं! एवढी उष्णता १२ व्होल्टवर विजेने करायची तर ५०० अँपिअर लागतील. इथे मात्र ती फुकट मिळते, कारण इंजिन ती नाहीतरी वाया घालवत असतं. वीज लागते ती फक्त पंख्याला. हा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचा आहे हे मात्र लक्षात ठेवा. गाडी नुसती उभी असताना एवढं मिळत नाही.

३) डिझेलवर चालणारा स्वतंत्र हीटर

ट्रक आणि कॅम्परव्हॅनमध्ये हा असतो. छोट्या भट्टीत डिझेल जळतं. जळालेला धूर वेगळ्या पाइपने बाहेर जातो आणि स्वच्छ हवा वेगळी तापून आत येते. इंजिन बंद असतानाही चालतो. इंजिन एअर-कूल्ड असेल, म्हणजे कूलंटच नसेल, तर हा चांगला पर्याय आहे. पण याचा धुराचा पाइप केबिनबाहेर नीट नेणं ही मोठी जबाबदारी असते.

एक चौथा प्रकार लोक करतात, तो म्हणजे गॅस सिलिंडरवरचा छोटा हीटर केबिनमध्ये ठेवणं. तो करूच नका. का ते पुढे कळेलच.

मी दुसरा प्रकार निवडला. किट साडेपाचशे डॉलरच्या आसपास पडलं. किट तुमच्याच मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं आहे ना, हे आधी तपासा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत होजची जागा बदललेली असते.

किटमध्ये काय काय येतं?

- हीटर कोअर आणि ब्लोअर एकत्र असलेला डबा
- ५/८ इंची, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरचा हीटर होज
- गाडीच्या मूळ होजमध्ये बसणारे दोन वाय आकाराचे जोड
- कूलंट चालू-बंद करायचा व्हॉल्व्ह
- होज क्लॅम्प
- काचेकडे आणि पायाकडे हवा नेणारे लवचिक पाइप आणि जाळ्या
- स्विच, रिले, फ्यूज आणि वायरिंग

याशिवाय मला लागलं ते कूलंट, ड्रिल, रबरी ग्रॉमेट, होज कापायची कात्री, मल्टिमीटर आणि अर्थात मोबाइल. काहीही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. होज कुठून कुठे जातो, क्लॅम्पचं तोंड कुठल्या बाजूला आहे, कोणता कनेक्टर कुठे आहे, सगळ्याचे. परत जोडताना हेच फोटो उपयोगी पडतात. फक्त कडक थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा.

हीटर बसवण्याची पद्धत

पायरी १: इंजिन पूर्ण थंड होऊ द्या

शक्यतो रात्रभर गाडी उभी ठेवा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटरखाली टब ठेवून लागेल तेवढं कूलंट काढून घ्या. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा आणि टब मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

पायरी २: डब्याची जागा ठरवा

माझा डबा डॅशबोर्डच्या मागे, सोबत्याच्या पायांच्या वर बसला. भोक पाडण्याआधी पलीकडे हात घालून आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघा. मागे वायरिंगचा गठ्ठा किंवा ब्रेकची नळी असू शकते. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रॉमेट बसवाच. गाडी हादरते आणि कडेला घासून होज किंवा वायर हळूहळू कापली जाते.

पायरी ३: कूलंटचे जोड

माझ्या गाडीत इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे आहे. त्यामुळे दोन जाड होज गाडीच्या पोटाखालून मागे-पुढे जातात. एकातून गरम कूलंट इंजिनकडून रेडिएटरकडे येतं आणि दुसऱ्यातून थंड झालेलं परत जातं. माझ्या किटमध्ये एक वाय गरम होजमध्ये आणि दुसरा परतीच्या होजमध्ये होता. म्हणजे हीटर कोअर रेडिएटरला समांतर जोडला गेला. दोन्हीकडच्या दाबातल्या फरकामुळे कूलंट कोअरमधून वाहतं. किटच्या पुस्तिकेत जी जागा दिली असेल तीच पाळा. जागा चुकली तर कूलंट कोअरमधून फिरणारच नाही.

इथे थर्मोस्टॅट समजून घ्या. हा इंजिनच्या तोंडाशी असलेला छोटा दरवाजा. कूलंट ठरावीक तापमानाला, साधारण ८० ते ९० अंशांना पोहोचेपर्यंत तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. हीटरचा जोड थर्मोस्टॅटच्या पुढे असेल तर तो उघडेपर्यंत गरम हवा येणार नाही. माझ्याकडे पहिली दहा-पंधरा मिनिटं गारच हवा येते. इंजिनच्या हेडवरून, थर्मोस्टॅटच्या आधी कूलंट घ्यायची सोय असेल तर हीटर लवकर तापतो.

होज सायलेन्सरपासून, स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि धारदार कडांपासून लांब न्या. वळणावर तो चेपत नाही ना ते बघा. क्लॅम्प घट्ट करा, पण होज कापला जाईल इतका नाही. इंजिन एकदा तापून थंड झालं की सगळे क्लॅम्प परत एकदा आवळा. पहिल्या दिवशी ते थोडे ढिले पडतातच.

पायरी ४: वायरिंग

पंख्याला माझ्याकडे पूर्ण वेगात ७ अँपिअर लागतात. म्हणजे १२ गुणिले ७, साधारण ८४ वॉट. एवढा करंट थेट छोट्या स्विचमधून न नेता रिले वापरतात. रिले म्हणजे कमी करंटने चालणारा मोठा स्विच. गाडीच्या नेहमीच्या रिलेवर आकडे छापलेले असतात:

- ३० : बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून, फ्यूजमधून येणारी वायर
- ८७ : पंख्याकडे जाणारी वायर
- ८६ : स्विचकडून येणारी वायर
- ८५ : अर्थ, म्हणजे निगेटिव्ह

स्विचला वीज अशा वायरवरून घ्या जी चावी फिरवल्यावरच चालू होते. नाहीतर पंखा चुकून रात्रभर चालू राहतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. थंडीत बॅटरीची ताकद आधीच कमी झालेली असते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. माझ्या किटमध्ये १५ अँपिअरचा फ्यूज आणि १४ गेजची, म्हणजे सुमारे २ चौरस मिलिमीटरची वायर होती. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज कधीच लावू नका. वायर वाचवायलाच तो असतो.

नंतर मल्टिमीटरने बॅटरी तपासा. माझ्याकडे दिवे आणि पंखा सगळं चालू असताना, इंजिन अगदी संथ असताना १२.४ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी उतरत होती. वेग थोडा वाढवल्यावर १३.९ झाले, म्हणजे चार्जिंग सुरू. तात्पर्य असं की गाडी तासभर नुसती उभी ठेवून पंखा, दिवे आणि विंच सगळं एकदम चालवू नये.

पायरी ५: कूलंट भरा

बऱ्याच जणांना वाटतं, नुसतं शंभर टक्के कूलंट भरलं तर जास्त चांगलं. तसं नाही! शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. त्यात निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळलं की मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. तयार मिश्रणाचा कॅन घेतला असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. प्रकार गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच घ्या. नुसता रंग बघून ठरवू नका, कारण रंगाला ठरलेला नियम नाही. कोअर आणि होज वाढल्यामुळे माझ्या गाडीत जवळपास एक लिटर जास्त लागलं.

पहिली चूक: हवा अडकली

कूलंट भरलं, झाकण लावलं, गाडी सुरू केली आणि मोठ्या ऐटीत बायकोला बोलावलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, हवा गारच. तेवढ्यात तापमानाचा लाल दिवा लागला. एकीकडे इंजिन तापून लाल आणि दुसरीकडे हीटर गार, हे कोडं मला उमगेना. कूलंट कमी पडलं असेल म्हणून मी रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला.

शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर गाई आणि ट्रॅक्टर सांभाळलेले. ते एवढ्या जोरात ओरडले की माझा हात जागच्या जागी थांबला. गरम कूलंट दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून तोंडावर उडतं. तोंड-हात भाजलेली माणसं त्यांनी पाहिली होती. इंजिन बंद करायला लावून ते म्हणाले, "आता घरात जा, चहा प्या. दोन तासांनी बोलू."

झालं होतं असं की हीटर कोअर रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच बसला होता. हवा नेहमी वर जाऊन बसते. ती कोअरमध्ये अडकली आणि कूलंट फिरणंच थांबलं. तोडगा असा:

१. इंजिन थंड असताना गाडीची पुढची चाकं उतारावर किंवा रॅम्पवर चढवा, म्हणजे झाकण सगळ्यात उंच येईल. चाकांना मागून ठोकळे लावा. मोबाइलच्या लेव्हल ॲपने उंची तपासता येते.
२. हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.
३. झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा आणि संथ चालू द्या. चेहरा आणि हात लांब ठेवा.
४. बुडबुडे येत राहतील तसं कूलंट टाकत राहा. होज हळूच दाबून सोडला की हवा लवकर सुटते.
५. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. भरून घ्या, बुडबुडे थांबले की झाकण लावा.
६. दुसऱ्या दिवशी, इंजिन थंड असताना पातळी परत बघा.

हे केल्यावर गरम हवा आली. लाल दिवा परत लागला नाही.

दुसरी चूक: डोकेदुखी

हीटर लागला, काच स्वच्छ झाली, मी खूश. त्या महिन्यात दोनदा मोठा बर्फ पडला आणि दोन्ही वेळा दोन-तीन तास काम केल्यावर माझं डोकं जड झालं. थंडीमुळे असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, चहा राहिला, असं मी मनाला सांगितलं. मग एका शनिवारी मुलगी हट्ट करून सोबत बसली. दीड तासाने ती म्हणाली, "बाबा, डोकं दुखतंय. मळमळतंय पण."

दोघांचं एकदम दुखतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिथेच गाडी बंद केली आणि तिला बाहेर काढलं. उघड्या हवेत थोड्या वेळाने तिला बरं वाटलं. त्या दिवशी आम्ही सरळ डॉक्टरांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही, आणि ते चुकलंच.

दुसऱ्या दिवशी आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आणून सीटवर ठेवला. दरवाजे लावून गाडी संथ चालू ठेवली आणि मी बाहेर उभा राहिलो. पंधरा मिनिटांत आकडा ११० पीपीएम झाला. अंदाज यावा म्हणून सांगतो, अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीची कायदेशीर मर्यादा ५० पीपीएम आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकेदुखी, मग मळमळ, गुंगी, आणि गुंगी आली की माणूस स्वतःहून बाहेर पडूच शकत नाही.

गॅस आत आला कुठून? कारणं तीन निघाली.

एक, सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंग झिजलं होतं आणि तिथून धूर गळत होता. गाडी उघडी होती तेव्हा तो वाऱ्यावर जायचा. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचं पाणी मारून गाडी सुरू केली तर बुडबुडे दिसतात. जोडाभोवती काळी काजळीही असते.

दोन, सीटमागच्या पत्र्याला होजसाठी मी पाडलेलं भोक होजपेक्षा मोठं होतं. ग्रॉमेट नंतर लावू म्हणून ते तसंच राहिलं. वर सांगितलेला नियम मी स्वतःच मोडला होता!

तीन, माझा पंखा बाहेरची ताजी हवा घेत नाही, केबिनमधलीच फिरवतो. एकदा आत आलेला गॅस आतच फिरत राहिला.

मी पॅकिंग बदललं, सगळी भोकं ग्रॉमेट आणि उष्णता सोसणारं सीलंट लावून बंद केली आणि पुढच्या काचेखालची झडप थोडी उघडी ठेवायला लागलो. परत पंधरा मिनिटं तशीच चाचणी घेतली, आकडा शून्य. मग अर्धा तास घेतली, तरी शून्य. त्यानंतरच मुलीला गाडीत बसू दिलं. मीटर आता डॅशबोर्डवर कायमचा चिकटवलेला आहे.

मीटर घेताना हे बघा: घरातले साधे अलार्म ७० पीपीएम असेल तर तासाभरानंतर कधीतरी वाजतात, लगेच नाही. म्हणून आकडा दाखवणारा आणि कमी पातळीलाही इशारा देणारा घ्या. तो किती थंडीत चालतो हेही खोक्यावर वाचा.

वापरताना लक्षात ठेवा

- गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा.
- फक्त मागची काच उघडी ठेवून चालवू नका. गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो. उघडायचंच असेल तर पुढून थोडं उघडा.
- बसण्याआधी बुटांवरचा बर्फ झटका. वाफ तिथूनच सुरू होते.
- आधी हवा काचेकडे, नंतर पायांकडे.
- गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.
- पुढची काच पॉलिकार्बोनेटची असेल तर कोरडी खरवडू नका, ओरखडे पडतात.
- उन्हाळ्यात कूलंटचा व्हॉल्व्ह बंद ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: हीटर लावल्याने इंजिनवर ताण येतो का?
उत्तर: नाही. उलट हीटर म्हणजे इंजिनला मिळालेला छोटा जादा रेडिएटर. म्हणूनच घाटात कार तापायला लागली तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडतात. इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये येते आणि गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. तुम्हाला घाम फुटेल, पण इंजिन वाचेल.

प्रश्न: इलेक्ट्रिक यूटीव्हीला हे किट चालेल का?
उत्तर: नाही, तिच्यात गरम इंजिनच नसतं. तिला मोठ्या बॅटरीवर चालणारा वेगळा हीटर लागतो आणि तो चार्ज खातो.

प्रश्न: हवा गरम येते पण लगेच गार पडते, का?
उत्तर: कूलंटची पातळी आणि अडकलेली हवा आधी तपासा. ते ठीक असेल तर थर्मोस्टॅट बघा. तो उघडाच अडकला असेल तर कडक थंडीत इंजिन नीट तापतच नाही.

प्रश्न: आम्हाला महाराष्ट्रात याचा काय उपयोग?
उत्तर: हीटर नाही लागणार, पण शेवटचा भाग लागेल. लेह, स्पिती किंवा मनालीला गेल्यावर बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणं, तंबूत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं, या सगळ्यात तोच गॅस असतो. गटातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर गोळी शोधू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग डॉक्टरांकडे न्या.

थोडक्यात

कूलंटवरचा हीटर हे दोन दिवसांचं, नीट समजून केलं तर घरी होणारं काम आहे. गरम असताना झाकण उघडू नका, हवा पूर्ण काढा, फ्यूज बॅटरीजवळ लावा, भोकं बुजवा आणि मीटर ठेवा. कूलंटच्या किंवा वायरिंगच्या कामात हात घालायची भीती वाटत असेल तर ते काम मेकॅनिककडून करून घ्या. पण काम कोणीही केलेलं असो, शेवटची पंधरा मिनिटांची मीटरची चाचणी तुम्ही स्वतः घ्या, आणि ती रिकाम्या गाडीत घ्या.

आमची पत्रपेटी आता नव्या खांबावर उभी आहे. काचेतून ती लांबूनच दिसते, आणि तिच्या बाजूला बसची वाट बघणारी मुलगीही.

माहिती उपयोगी वाटली तर थंडीत डोंगरात फिरायला निघालेल्या मित्रांना नक्की पाठवा.